चैत्य आणि देऊळ : दोन सोयीस्कर समजुतींचा समाचार

कार्ल्याच्या डोंगरावर एका सुशिक्षित कुटुंबाबरोबर जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. एकवीरेचे दर्शन झाले, ओटी भरून झाली, आणि मंडळी सावलीला टेकली असता त्यांच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने देवीच्या देवळाला अगदी लागून असलेल्या त्या अजस्र कमानीकडे बोट करून विचारले, ‘‘हे कोणाचे देऊळ?’’ वडील पदवीधर, वाचनाची आवड असलेले. ते म्हणाले, ‘‘बौद्धांचे आहे. म्हणजे आपलेच. शेवटी सारे एकच.’’ जवळच बसलेल्या, लेण्यांवर बरेच वाचन केलेल्या एका गृहस्थांस हे रुचले नाही. ते म्हणाले, ‘‘एक कसे? हे मूळ, तुमची देवळे ही याची बिघडलेली नक्कल. नक्कल करणाऱ्यांनी मूळ मालकांस हाकलून घर बळकावले, एवढाच इतिहास.’’ दोघांचा वाद जुंपला. तेवढ्यात मुलगी आत जाऊन आली आणि तिने दुसरा प्रश्न विचारला, ‘‘पण आत देव कुठे आहे?’’ याचे उत्तर मात्र दोघांपैकी कोणीच दिले नाही.

आमच्या मते त्या दिवशी कार्ल्यास निघालेला शहाणा प्रश्न तेवढा एकच. वडिलांचे मत आणि त्या अभ्यासू गृहस्थांचे मत ही वरवर परस्परविरुद्ध दिसली, तरी दोघांची जात एकच आहे. दोघांसही आत जाऊन डोळे उघडून पाहण्याची गरज वाटत नाही. एकाला सामोपचाराच्या सुखासाठी, तर दुसऱ्याला संतापाच्या सुखासाठी. पहिल्या पक्षास आपण अभेदवादी म्हणू व दुसऱ्यास अपहारवादी. महाराष्ट्रातील घराघरांतून आज हे दोनच पक्ष ऐकू येतात, आणि ज्या प्रांतात लेणी व देवळे ही अशी खांद्यास खांदा लावून उभी आहेत तेथे या दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम अभेदवाद्यांकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद व जवळजवळ तितकेच उंच आहे. दोन्ही अंगांस पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली जोडपी. आणि जेथे दालनाचा शेवट अर्धवर्तुळात होतो तेथे स्तूपाच्या मागे सात साधे अष्टकोनी खांब. वर अर्धगोल छताला सागवानी फासळ्या बसविलेल्या आहेत. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच. दर्शनी भिंतीवर घोड्याच्या नालाच्या आकाराचे जे प्रचंड गवाक्ष आहे त्यातून आलेला उजेड दालनभर खेळत सरळ स्तूपावर जाऊन पडतो. हा स्तूप म्हणजे अखंड दगड. त्याला दार नाही, कोनाडा नाही, मूर्ती नाही. त्याच्या आत जाता येत नाही. त्याच्या भोवती मात्र जाता येते, आणि खांबांच्या मागून फिरणारा तो मार्ग त्यासाठीच राखलेला आहे. चैत्यगृहाची सारी रचना या एका कृतीतून निघाली आहे : माणसे येतात, जमतात, आणि जे मध्ये आहे त्यास उजवी घालून फिरतात.

आता अंबरनाथचे शिवालय पाहा. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथे आहे; शिलाहारांच्या काळची ती वास्तू. बाहेरून पाहिले तर भिंतीचा एक हातही मोकळा नाही. देव, देवी, अप्सरा, हत्तींच्या रांगा, कोनावर कोन. या भरगच्च अंगाच्या आत शिरावे तो सभामंडप अंधुक, अंतराळ त्याहून अंधुक, आणि गाभारा तर मंडपाच्या पातळीहून खोल, पायऱ्या उतरून जाण्याचा. येथे रचनेचा ओघ चैत्यगृहाच्या नेमका उलट आहे. चैत्यगृह बाहेरून डोंगराची एक बाजू आणि आतून विशाल सभागृह. देऊळ बाहेरून साक्षात पर्वत आणि आतून, अखेरच्या टोकास, दोन-चार माणसे जेमतेम मावतील अशी खोली. चैत्यगृहात पुढे जावे तो उजेड केंद्रावर एकवटतो. देवळात पुढे जावे तो उजेड मावळत जातो, आणि शेवटी समईच्या ज्योतीखेरीज काही उरत नाही. एकाचे वैभव पोकळीत आहे, दुसऱ्याचे वस्तुमानात.

हा भेद कारागिराच्या लहरीचा नव्हे, उपासनेचा आहे. देवळातील देव हा त्या वास्तूचा यजमान आहे. त्याला पहाटे काकडआरतीने उठवितात, स्नान घालतात, वस्त्रे नेसवितात, नैवेद्य दाखवितात, दुपारी विश्रांती देतात व रात्री शेजारतीनंतर पडदा ओढतात. ज्याचे हे घर आहे तो आत राहतो, म्हणून घराला आतली खोली हवी, उंबरठा हवा, दार हवे, आणि त्याची सेवा करणारा माणूस हवा. भक्त येतो तो पाहुणा म्हणून, आणि ‘दर्शन’ घेऊन जातो. मंदिराच्या अंगांची नावेही देहाची आहेत : पाद, जंघा, स्कंध, ग्रीवा, शिखर. देऊळ स्वतःच एक देह आणि गाभारा हा त्याचा गर्भ. उलट ‘चैत्य’ हा शब्दच चिति-चितेशी नाते सांगणारा. स्तूप हे जो गेला त्याचे स्मारक आहे. त्याला उठवावयाचे नाही, जेवू घालावयाचे नाही, निजवावयाचे नाही. देऊळ उपस्थितीचे घर आहे, चैत्य आठवणीचे. उपस्थित असलेल्यापुढे माणूस हात जोडून उभा राहतो. आठवणीभोवती तो फिरतो. सारे एकच म्हणणाऱ्यांनी, ज्याचा निर्वाणाने शेवट झाला त्याची पूजा आणि जो नित्य जागृत आहे त्याची पूजा या दोन गोष्टी एक कशा, एवढे प्रथम सांगावे.

यावर कोणी म्हणेल की, प्रदक्षिणा तर देवळातही आहे. आहेच. घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिवलिंगाचे गर्भगृह चारही दिशांना दारे असलेले, चहूंकडून फिरता येण्याजोगे आहे. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यातही तसेच. परंतु तेथे प्रदक्षिणा ही दर्शनाची जोड आहे, दर्शनाच्या जागी आलेली नाही. चार दारे ठेवली, म्हणजे आतला आत राहिलाच. उलट चारही दारांवर भव्य द्वारपाल उभे करावे लागले. स्तूपाला द्वारपालाची गरज पडली नाही, कारण राखावयाचे दारच नव्हते.

अभेदवाद्यांचा शेवटचा आधार म्हणजे दशावतार. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, तेव्हा भांडण कसले? आमच्या जुन्या पंचांगांच्या मुखपृष्ठांवर नवव्या अवताराच्या जागी विठ्ठलाचे चित्र छापले जाई, हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु एखाद्यास आपल्या घरातील नववी खोली दिली म्हणजे त्याचे घर आपले होते, हा न्याय विचित्र आहे. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घेतली, त्यांनी बुद्धास विष्णूचा अवतार मानणार नाही अशी प्रतिज्ञाच केली आहे. ज्याला आपण मिठी मारीत आहोत तो ती मिठी स्पष्ट शब्दांत नाकारीत असता ‘आपण एकच’ असे म्हणत राहणे, यास प्रेम म्हणत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे ऐकावयाचे नाही असा निश्चय म्हणतात.

आता अपहारवादी. त्यांचे म्हणणे मोठ्या आवेशाचे आहे व त्यामागे एका मोठ्या नावाचे पाठबळही आहे. जेम्स फर्ग्युसन या पंडिताने १८७६ साली भारतीय वास्तुकलेचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याने कार्ल्याच्या दालनाची तुलना नॉर्विचच्या ख्रिस्ती मंदिराच्या अंतर्भागाशी केली, आणि आपल्याकडील शिल्पाची वाटचाल ही उत्तरोत्तर उतरणीची आहे असा निवाडा दिला. जे युरोपातील चर्चसारखे दिसते ते उत्तम, आणि जे दिसत नाही ते अवनत, असे या निवाड्याचे अंतरंग होते. आमच्या अपहारवाद्यांनी त्यातील चर्च काढून टाकले व निवाडा तेवढा ठेविला. फर्ग्युसनचे परिश्रम अफाट होते. त्याचे ऋण कोणीही मान्य करील. परंतु त्याच्यानंतर दीड शतकात जमिनीतून जे वर आले आहे ते न पाहता त्याचाच निकाल आज वाचून दाखविणे हा आळस आहे.

चैत्यगृहाचा गजपृष्ठाकार व त्याची नालाकृती कमान ही बौद्धांची खास मालमत्ता होती काय? बिहारातील बराबर टेकड्यांत अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी सुदामा हे लेणे आजीवकांस दिले. दालनाच्या टोकास गोल खोली, असा त्याचा आराखडा. शेजारच्या लोमश ऋषीच्या लेण्यावर ती नालाकृती कमान कोरलेली आहे. आजीवक हे बौद्धही नव्हेत व वैदिकही नव्हेत. विदिशेजवळ बेसनगरास हेलिओडोरस या यवन भागवताने वासुदेवाप्रीत्यर्थ उभारलेला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरचा गरुडस्तंभ आहे. १९६० नंतरच्या उत्खननात त्याच्याजवळच लंबवर्तुळाकार देवळाचा पाया सापडला, तो त्या स्तंभाहूनही जुना. म्हणजे भाज्याचे सत्तावीस खांबांचे चैत्यगृह ज्या शतकात कोरले जात होते त्याच शतकात, किंबहुना त्याआधीही, वासुदेवाचे उपासक गोलाईदार देवळे बांधीत होते. ऐहोळ्याचे दुर्गमंदिर गजपृष्ठाकार आहे आणि ते हिंदूंचेच. आमच्या तेर गावचे त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर त्याच आकाराचे. ते मूळचे बौद्ध की वैष्णव याविषयी विद्वानांत मतभेद आहे, आणि तो मतभेद होऊ शकतो यातच आमचा मुद्दा सिद्ध होतो. नुसत्या आकारावरून मालक ठरत नाही.

मग हा आकार आला कोठून? भाज्यास जाऊन खांबांकडे पाहावे. ते सरळ उभे नाहीत. आत कललेले आहेत. दगडाच्या खांबाला कलण्याचे काही कारण नाही, कारण डोंगर कोसळत नाही. परंतु लाकडाच्या खांबाला वरच्या छताचा रेटा सोसण्यासाठी कलावे लागते. पाथरवटाने सुताराचे काम जसेच्या तसे दगडात उतरविले. इतके, की अखंड खडकाच्या छताखाली गरज नसलेल्या लाकडी फासळ्याही त्याने बसविल्या. कार्ल्याच्या दाराच्या कामावर तर धेनुकाकटाच्या एका सुताराचे नावच कोरलेले आहे. मूळ मालक शोधावयाचाच असेल, तर तो ना भिक्षू ना पुरोहित. तो या देशातील सुतार आहे. त्याने बांधलेल्या लाकडी सभागृहाचा नमुना ज्यांना ज्यांना हवा होता त्यांनी त्यांनी उचलला.

आणि देवळाचा नमुना तरी कोणा एकट्याचा? सांचीस १७ क्रमांकाचे एक छोटे मंदिर आहे : चौकोनी खोली, सपाट छप्पर, पुढे चार खांबांची ओसरी. गुप्तकालीन देवळाचा हा आद्य नमुना मानला जातो, व ते बौद्धांचे आहे. त्याच घडणीचे तिगव्याचे मंदिर हिंदूंचे. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात दान केले. त्या विहाराच्या मागच्या भिंतीत गाभारा आहे आणि गाभाऱ्यात सिंहासनावर बसलेली बुद्धाची विशाल मूर्ती. १९ व २६ क्रमांकाच्या चैत्यगृहांत स्तूपाच्या अंगावरच बुद्धाची मूर्ती प्रकट झाली. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्यास लोक विश्वकर्म्याचे लेणे अथवा सुताराची झोपडी म्हणतात, त्यात तर मूर्ती एवढी मोठी आहे की, दारातून पाहणाऱ्यास स्तूप तिच्या मागची पाठराखण वाटतो. हा पालट कोणा ब्राह्मणाने रात्री येऊन केला नाही. बौद्ध उपासकांनाच आठवणीभोवती फिरणे पुरेनासे झाले. ज्याच्याकडे पाहावे व जो आपल्याकडे पाहील असा कोणी त्यांना हवासा झाला. वेरूळास बौद्धांची बारा लेणी, त्यांच्या पाठोपाठ हिंदूंची सतरा, मग जैनांची पाच अशी रांग आहे. पहिल्या कृष्णराजाच्या काळचे कैलास लेणे शिखरापासून पायाकडे कोरीत आणले, तेव्हा डोंगर पोखरण्याची विद्या या टेकड्यांत शेकडो वर्षे मुरलेली होती. ज्यास अपहारवादी चोरी म्हणतात तो एका छिन्नीचा अनेक घरी झालेला प्रवास आहे.

दात्यांकडे पाहिले तरी हेच. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेला लेख आहे. ब्राह्मणांस तीन लक्ष गाई दिल्याचा अभिमान आणि भिक्षुसंघास लेणे दिल्याचा अभिमान तो एकाच दमात सांगतो. कार्ल्यास यवन, व्यापारी, भिक्षुणी यांनी एकेक खांब, एकेक पट्टी अशी दाने दिली. पंढरपूरच्या ‘चौऱ्याऐंशीच्या शिलालेखा’त शके ११९५ ते ११९९ या काळात विठ्ठलाच्या देवळास दान देणाऱ्या लहानमोठ्या लोकांची नावनिशी आहे. लेणे काय, देऊळ काय, लोकांच्या मुठीमुठीनेच उभे राहिले.

याचा अर्थ सारे गोडीगुलाबीने झाले असा कोणी करू नये. कार्ल्याच्या दर्शनी भागी डाव्या अंगास सिंहस्तंभ उभा आहे; त्याचा जोडीदार जेथे असावा असा तर्क आहे, तेथे आज देवीचे देऊळ आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीस अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज ज्या दालनात बसला आहे, ते भिक्षूंच्या कोठड्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेले बौद्ध विहाराचे दालन आहे, आणि शेजारीच चैत्यगृह आहे. जागा बदलल्या, देव बदलले. ही गोष्ट खरी आहे व ती झाकण्यात अर्थ नाही. परंतु ओस पडलेल्या जागेत नवा उपासक शिरणे आणि एका धर्माच्या वास्तुकलेने दुसऱ्याच्या वास्तुकलेतून जन्मास येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली लेण्याद्रीस घडली. दुसरी कोठेच घडली नाही.

अपहारवाद्यांची एक पोटशाखा हल्ली बरीच बोलकी झाली आहे. तिच्या मते चैत्यगृह हे बुद्धीचे सभागृह व देऊळ हे अंधश्रद्धेचे भुयार. या मंडळींनी सोपाऱ्याची हकीकत वाचावी. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली; पेटीत एकात एक घातलेले करंडक, सोन्याची फुले, आणि अगदी आत भिक्षापात्राचे म्हणून जपलेले खापराचे तुकडे. मातीच्या खापरीवर सोन्याची फुले वाहणारा माणूस हा तर्काने चालणारा नव्हे. तो भक्त आहे, आणि आम्हांस तो त्यामुळे कमी वाटत नाही. स्तूपावर छत्र धरणे, त्यास हार, धूप, दीप, वाद्ये अर्पिणे हे सारे बौद्धांनी केले. सांचीच्या तोरणांवर ते कोरलेलेही आहे. भक्तीवाचून चैत्य उभा राहिला असता ही कल्पना भक्तीची लाज वाटणाऱ्यांची आहे, चैत्य बांधणाऱ्यांची नव्हे.

तेव्हा दोन्ही समजुती बाजूस सारून जो भेद उरतो तो असा : देवळाला ‘आत’ आहे, स्तूपाला ‘आत’ नाही. हा भेद लहान दिसतो, परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची किंमत फार मोठी मोजावी लागली आहे. जेथे आत आहे तेथे दार आहे. जेथे दार आहे तेथे कुलूप आहे. आणि जेथे कुलूप आहे तेथे किल्ली कोणाच्या तरी कमरेला आहे. देव आतल्या खोलीत राहतो ही मूळ कल्पना अत्यंत काव्यमय आहे. अंधारात उतरत जाऊन एका ज्योतीपाशी पोहोचणे, जगाचा पसारा पायरीपायरीने मागे टाकणे, हा अनुभव ज्याने भावाने घेतला त्याला त्याची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु याच पायऱ्यांची पुढे मापे झाली : अमका गाभाऱ्यापर्यंत, अमका मंडपापर्यंत, अमका महाद्वारापर्यंत, आणि अमका गावकुसाबाहेर. वास्तूतील उतरंड समाजातील उतरंडीस सोयीची पडली, आणि दगडाने जे काव्य लिहिले होते त्याचा कायदा करण्यात आला.

याचा पुरावा पंढरीस जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली आहे. महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे व तिच्या समोर, बाहेर, चोखोबांची समाधी. ज्याच्या अभंगांवाचून वारी पुरी होत नाही त्याची शेवटची जागाही दाराच्या बाहेर! १९३० साली नाशिकास काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. १९४७ साली पंढरीच्या दारासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न तर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला, व १९५६ पासून अस्तित्वात असलेल्या कायद्याची आठवण न्यायालयास करून द्यावी लागली. यातील एकाही प्रसंगी अडविणाऱ्यांनी ‘आम्हांस सत्ता हवी’ असे म्हटले नाही. त्यांनी गाभाऱ्याचे पावित्र्य पुढे केले. म्हणून आम्ही म्हणतो की, देवळाच्या अंधाराचे गूढ ज्यांना प्रिय आहे त्यांनीच प्रथम हे मान्य केले पाहिजे की, त्या गूढाचा उपयोग पहारेकऱ्यासारखा केला गेला. जो अंधार सर्वांसाठी नाही तो गूढ नव्हे. ती नुसती बंद खोली होय.

आमच्या संतांस हे कळले नव्हते असे नाही. त्यांनी गाभारा मोडला नाही. त्यांनी देऊळ बाहेर आणले. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन उभे राहिले. आषाढीची वाट हीच एक लांबच लांब प्रदक्षिणा झाली. मंडपात टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी देवाकडे पाहता पाहता एकमेकांच्या पाया पडण्यास आरंभ केला. चैत्यगृहाने जे मोकळ्या मध्यदालनात साधले होते, म्हणजे माणसांचे एकत्र येणे, ते येथे भिंतीवाचून साधले. पंढरीस देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवण्याची जी चाल आहे, तीही गाभाऱ्याच्या मूळ शिस्तीस या मातीने दिलेले उत्तरच आहे. परंतु सत्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, वाळवंटात जी समता नांदली ती शेकडो वर्षे पायरीशी येऊन थांबत असे.

आणि म्हणूनच १९५६ नंतर या प्रांतात स्तूप पुन्हा उभे राहिले याचे नवल वाटावयास नको. ज्यांना दाराशी अडविले त्यांनी जेथे दारच नाही असा आकार निवडला. दादरच्या चैत्यभूमीने ‘चैत्य’ हा शब्द विद्वानांच्या पोथीतून काढून लाखोंच्या तोंडी घातला. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप २००१ साली खुला झाला. तो आतून पोकळ आहे. प्राचीन स्तूप भरीव. हा मात्र माणसांनी आत येऊन बसावे म्हणून मोकळा ठेविलेला. मुंबईस गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ साली खुला झाला. त्याच्या बिनखांबी घुमटाखाली आठ हजार माणसे ध्यानास बसू शकतात. म्हणजे आता स्तूपालाही ‘आत’ आले. ज्यांना हा इतिहास ठाऊक आहे त्यांनी तेथे एवढीच काळजी वाहावी की, त्या नव्या ‘आत’ला कधी कोणाची किल्ली लागू नये. अजिंठ्याच्या गाभाऱ्यांची साक्ष आम्ही वर काढली ती त्यासाठीच : कोणताही धर्म केवळ आपल्या आरंभाच्या जोरावर उंबरठ्यापासून सुरक्षित राहात नाही.

मग घरातील मुलांना काय सांगावे? खरे ते सांगावे. कार्ल्यास गेल्यावर एकवीरेस हात जोडावे. कोळी बांधवांची व इतर अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे, आणि तिला तेथून हुसकावण्याची भाषा करणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या अन्यायाच्या नावाने आजचा अन्याय करू नये. परंतु तेवढ्यावर उतरू नये. पाच पावले टाकून चैत्यगृहात शिरावे, आवाज न करता स्तूपाला फेरी घालावी, आणि मुलांना सांगावे की, हे आपल्या देवळासारखे नाही, व म्हणूनच पाहण्यासारखे आहे. लेण्याद्रीस मोदक वाहून झाल्यावर ज्या कोठड्यांत भिक्षू निजत त्यांत डोकावावे. स्तूपाच्या दगडास शेंदूर फासू नये, त्यास शिवलिंग म्हणू नये, आणि प्रत्येक लेणे पांडवांनी एका रात्रीत कोरले ही कथा मुलांच्या गळी उतरवू नये. पांडवांना त्याची गरज नाही, व ज्या अनाम पाथरवटांनी पिढ्यान् पिढ्या छिन्नी चालविली त्यांचे श्रम त्यामुळे बुडतात.

त्या मुलीला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. ते येथे देतो. बाळ, येथे आत देव नाही, कारण येथे ‘आत’च नाही. मध्ये एका माणसाची आठवण आहे, आणि तिच्याभोवती फिरण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शेजारच्या देवळात देवी आहे. ती आत आहे, जागी आहे, आणि तुझी वाट पाहते आहे. दोन्ही ठिकाणी जा. फक्त देवळात जाताना दाराशी एकदा मागे वळून पाहा, की तुझ्या मागून येणाऱ्या कोणास तेथे अडविलेले तर नाही ना. अडविले असेल तर आत जाण्याची घाई करू नकोस.